स्लीपिंग बेअर ड्यून्सची सायकलफेरी: सरोवर कमी, चढ जास्त

मिशिगन सरोवराच्या पूर्व किनाऱ्यावरील स्लीपिंग बेअर ड्यून्स हा वाळूच्या टेकड्यांचा संरक्षित प्रदेश 1970 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान व्यवस्थेत आला. डेट्रॉइटच्या उपनगरांत राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींसाठी तो चार-साडेचार तासांच्या गाडीप्रवासावर असल्यामुळे तेथे जाऊन आलेली कुटुंबे पुष्कळ भेटतात, पण तो सायकलवरून पाहिलेले फार थोडे. रस्त्यावर चालणाऱ्या बारीक टायरच्या सायकलीने मी तेथे जी फेरी केली, तिचे हे परीक्षण आहे.

फेरीची आखणी अशी होती: ग्लेन आर्बर गावातून निघून एम-109 रस्त्याने ग्लेन हेवनमार्गे ड्यून क्लाइम्ब या लोक चढून जातात त्या वाळूच्या टेकडीपर्यंत जायचे, तेथून पुढे पिअर्स स्टॉकिंग सीनिक ड्राइव्ह या निसर्ग पाहत जाण्याच्या रस्त्याचे 7.4 मैलांचे वर्तुळ पूर्ण करायचे, एम्पायर गावात थांबायचे आणि एम-22 रस्त्याने ग्लेन लेकच्या चिंचोळ्या भागावरील पूल ओलांडून परत यायचे. सगळे मिळून अंतर 40 किलोमीटरच्या आसपास भरते. एम्पायर हे ग्लेन आर्बरच्या नैऋत्येला आहे आणि उन्हाळ्यात दुपारनंतर वारा बहुधा सरोवराकडून वाहतो. त्यामुळे सकाळच्या शांत हवेत एम्पायरकडे जाऊन दुपारी वारा पाठीशी घेत परतणे शहाणपणाचे ठरते. माझ्या मते या फेरीच्या नियोजनातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे.

दुसरा निर्णय चढांविषयीचा. येथील वाळूच्या टेकड्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत वाळूच्याच असतील अशी माझी समजूत होती आणि ती चुकीची निघाली. हिमनद्यांनी वितळताना मागे टाकलेल्या दगडगोट्यांच्या आणि मातीच्या उंच राशी हा त्यांचा खरा पाया आहे, आणि सरोवराकाठच्या कड्याची झीज होताना सुटलेली वाळू वाऱ्याने उचलून त्या राशींच्या माथ्यावर नेऊन पसरवली आहे. सीनिक ड्राइव्हचा रस्ता याच राशींवरून वरखाली जातो. आपल्याकडच्या खंबाटकीसारखा एकसलग घाट येथे नाही. चढ आखूड आहेत, मात्र उभे आहेत आणि एक संपून दम खातो न खातो तोच पुढचा समोर येतो. उतारांवर वळणे तीव्र असल्याने तेथे कमावलेला वेग पुढच्या चढाला उपयोगी पडत नाही. मी भाड्याने घेतलेल्या सायकलीचा सर्वांत हलका गिअर पडतच नव्हता आणि दुकानाच्या सपाट अंगणात ते लक्षात आले नाही. तेव्हा सायकल ताब्यात घेण्यापूर्वी एखाद्या चढावर चालवून पाहावी.

हा रस्ता पिअर्स स्टॉकिंग या लाकूड व्यावसायिकाने 1960च्या दशकात बांधला, लोकांनी येऊन ही टेकाडे पाहावीत एवढ्यासाठी. वाटेतला छप्पर असलेला लाकडी पूल 1986 मध्ये पुन्हा बांधावा लागला. मूळ पुलाच्या फळ्या साळिंदरांनी कुरतडल्या होत्या, हे कारण मला फारच आवडले. या रस्त्यावरच्या क्रमांक दिलेल्या थांब्यांपैकी नवव्या थांब्यावर सरोवर अचानक समोर येते. पायांखाली सुमारे 450 फूट उंचीची वाळूची उतरण आणि पलीकडे किनाराच दिसू नये इतके पाणी. कोकणात वाढलेल्या माणसाचे नाक तेथे खाऱ्या वासाची वाट पाहत राहते आणि तो येत नाही. उतरण खाली जाण्यास मोहक असली तरी पुन्हा वर येणे अनेकांच्या आवाक्याबाहेरचे असते. तसा इशारा देणारी पाटी तेथे आहे आणि सायकलीने दमलेल्या पायांनी तरी ती नक्की मानावी.

सरोवराकाठची फेरी म्हणून कोणी किनाऱ्यालगतच्या रस्त्याची अपेक्षा ठेवली तर मात्र निराशा होईल, कारण फेरीचा बहुतेक भाग बीच आणि मेपल या वृक्षांच्या दाट जंगलातून जातो आणि मोठे सरोवर मोजक्याच ठिकाणी दिसते. मला ही सावली सुखद वाटली. केवळ छायाचित्रांसाठी येणाऱ्यांना कदाचित वाटणार नाही.

एम-22 हा मोटारचालकांचा लाडका रस्ता आहे आणि सुट्टीच्या दिवसांत ते चांगलेच जाणवते. कडेची डांबरी पट्टी कोठे पुरेशी रुंद तर कोठे नावापुरती आहे. मुलांबरोबर जाणाऱ्यांनी हेरिटेज ट्रेल या स्वतंत्र, पक्क्या मार्गाचा विचार करावा. त्याचा पहिला टप्पा 2012 मध्ये ग्लेन आर्बर ते ड्यून क्लाइम्ब असा खुला झाला आणि तोच सर्वांत सोपाही आहे. ड्यून क्लाइम्बच्या पुढे एम्पायरकडे जाताना मात्र या मार्गावरही कठीण चढ येतो. मार्ग आखून देणाऱ्या ज्या ॲपवर मी विसंबलो होतो, त्याने मला एकदा जंगलातील वाळूच्या गाडीवाटेवर वळवले, जेथे बारीक टायर रुतून बसले आणि सायकल हाताने ढकलावी लागली. त्यामुळे ॲपने आखलेला मार्ग उद्यानाच्या नकाशाशी ताडून पाहिल्याशिवाय निघू नये.

सीनिक ड्राइव्ह हिवाळ्यात वाहनांसाठी बंद असतो. मी जुलैमध्ये गेलो होतो, म्हणजे ऐन चेरीच्या हंगामात, आणि गर्दीही ऐन भरात होती. नवव्या थांब्यावर सकाळी आठला मी जवळजवळ एकटाच होतो. अकराच्या सुमारास परत खाली उतरलो तेव्हा एम-109 वर प्रवेशद्वारापाशी मोटारींची रांग लागलेली होती.