विचर ३ : मेन स्टोरी थांबेल, आधी गावातला नोटीस बोर्ड बघा

विचर ३ हा व्हिडिओ गेम आला मे २०१५ मध्ये, म्हणजे गेम आता चांगलाच जुना झालाय, डिसेंबर २०२२ मध्ये ग्राफिक्सचं फुकट अपडेट मिळालं तरी मारामारी आणि घोडा पळवणं जुनाटच वाटतं. पण ओपन वर्ल्डमध्ये, म्हणजे मोठ्या नकाशावर हवं तिथे फिरता येतं अशातला, कुठला गेम घेऊ असं कोणी विचारलं की मी अजूनही याचंच नाव घेतो, आणि ते साइड क्वेस्टसाठी, म्हणजे मेन स्टोरीबाहेरच्या छोट्या कामांसाठी. मेन स्टोरी वाईट नाहीये हां, त्यातला बॅरन नावाच्या सरदाराचा भाग तर एकदम कडक आहे, पण एवढा मोठा गेम पूर्ण करायला लावतात त्या या बाजूच्या गोष्टी. खाली थोडे स्पॉयलर आहेत, आधीच सांगतोय.

बऱ्याच गेममध्ये काय होतं, हिरो जग वाचवायला निघालेला असतो आणि मध्येच एक शेतकरी त्याला अडवून म्हणतो मला दहा मुळ्या आणून दे, आणि हा जातो पण! का जातो ते कोणालाच माहीत नाही. इथे आपला हिरो गेराल्ट हा विचर आहे, त्याचा धंदाच तो आहे, राक्षस मारायचे आणि पैसे घ्यायचे. त्यामुळे गावात शिरलं की बोर्ड बघायचा, चिठ्ठी काढायची, ज्याने लावलीय त्याला शोधायचं आणि मग घासाघीस. यासाठी चक्क स्लायडर दिलाय, आकडा वाढवत न्यायचा, जास्त ताणलं की समोरचा वैतागतो. आणि काही ठिकाणी समोरच्याची अवस्था बघून पैसे नको म्हणायचीही सोय आहे, तिथे खिशात दमडी नसताना सुद्धा हात आखडतो राव.

सुरुवातीच्याच व्हाइट ऑर्चर्ड नावाच्या भागात एक म्हातारी भेटते, तिचा तवा हवाय तिला. बस, तवा. शेजारच्या खोपटात राहिलेला कोणी परका माणूस घेऊन गेला आणि दाराला कुलूप. दार उडवून आत गेलं की मेलेला माणूस, जळके कागद, एक भिंग, आणि तवा मात्र एकदम लख्ख, कारण त्याची काजळी खरवडून कोणीतरी शाई केली होती. म्हणजे युद्ध चालू आहे, हेरगिरी चालू आहे, खून झालाय, आणि म्हातारी खूश की तवा घासून मिळाला. बक्षीस म्हणाल तर नावापुरतं. पाच मिनिटांचं काम आहे पण पुढचा अख्खा गेम कसा असणार ते इथेच कळतं.

माझी सगळ्यात आवडती क्वेस्ट मात्र वेलेन या भागातली, ब्लॅकबाउ गावातली. नीलेन नावाचा शिकारी, त्याची बायको हॅना हरवलीय, शोधून द्या. सरळ वाटतं ना? तुम्ही जंगलात माग काढत फिरता तेवढ्यात तिची बहीण मार्ग्रिट हळूच गाठते आणि म्हणते हे पैसे घे, शोधणं सोड, जाऊन सांग ती मेली म्हणून. इथे पैसे घेऊन गप्प बसलात तर क्वेस्ट तिथेच मिटते, मी म्हणेन घेऊ नका. कारण पुढे कळतं की नीलेन स्वतःच वेअरवुल्फ, म्हणजे लांडगा होणारा माणूस आहे, आणि मार्ग्रिटचा त्याच्यावर जीव, म्हणून तिने बहिणीला मुद्दाम त्याचं ते रूप बघायला नेलं की ती घाबरून सोडून जाईल. ती सोडून नाही गेली, ती त्याच्याच हातून मेली. आता तो मार्ग्रिटवर धावून येतोय, मध्ये पडायचं की बाजूला उभं राहायचं ते तुम्ही ठरवायचं. दोन्हीतलं काहीही करा, बरं वाटत नाही. मेन स्टोरीशी याचा काडीचा संबंध नाही, कुठली भारी तलवार मिळत नाही, पण आजही कोणी विचर म्हटलं की मला पहिली हीच आठवते.

आणि सगळं असं रडकं पण नाहीये. ब्लड अँड वाइन या एक्सपान्शनमध्ये, म्हणजे गेमला नंतर जोडलेल्या भागात, बँकेची एक क्वेस्ट आहे, गेराल्टचे पैसे बँकेत अडकलेत कारण रेकॉर्डवर तो मेलाय! समोर उभा आहे तरी मेलाय. मग या खिडकीवरून त्या खिडकीवर, अमुक परमिट आणा, जेवणाची सुट्टी, रांगेत मध्ये घुसणारे, ज्याने घरच्या म्हाताऱ्यांना हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत नेलंय त्याला हे बघून हसावं की रडावं कळणार नाही.

आता जे नाही आवडलं ते. स्केलिगे या बेटांच्या समुद्रात मॅपभर प्रश्नचिन्हं पेरून ठेवलीत, होडी घेऊन जा, सायरन नावाच्या उडणाऱ्या राक्षसिणी मारा, बुडी मारून पेटी उघडा, परत होडी, परत सायरन. यात ना गोष्ट ना माणूस, नुसती लूट, आणि ती विकायला परत वेगळी फेरी. ज्यांनी तवा हरवलेली म्हातारी लिहिली त्यांनीच हे केलं यावर विश्वास बसत नाही. सरळ सोडून द्या, मॅप साफ करायची सवय असेल तर इथे तरी आवरा. दुसरं म्हणजे शोधाशोध सगळीकडे तीच, एक बटण दाबा, लाल पावलं दिसतील, चालत राहा, लिहिणाऱ्यांनी जीव ओतलाय आणि आपण कुत्र्यासारखे जमीन हुंगतोय. आणि लेव्हलचा घोळ, क्वेस्ट तुमच्यापेक्षा बरीच खालच्या लेव्हलची झाली की एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारे गुण, जवळजवळ मिळतच नाहीत, गोष्ट बघण्यापुरती करायची.

बाकी गेराल्टच्या मुलीसारख्या सिरीच्या मागे वाइल्ड हंट नावाची अख्खी भुतासारखी टोळी लागलीय आणि हे महाशय खानावळीत बसून ग्वेंट या गेममधल्याच खेळाचे पत्ते कुटतायत, हा आरोप खरा आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. एक डाव मलाही टाकायचा असतो.

घेणार असाल तर कंप्लीट एडिशनच घ्या, हार्ट्स ऑफ स्टोन आणि ब्लड अँड वाइन ही दोन्ही एक्सपान्शन त्यात येतात, आणि सेलमध्ये बऱ्यापैकी स्वस्त मिळते, पूर्ण किमतीला घ्यायची घाई करू नका. सबटायटल्स ऑन ठेवा, गावकऱ्यांचे उच्चार जड आहेत. आणि मेन स्टोरीत आइल ऑफ मिस्ट्स या बेटाला निघायच्या आधी गेम एक वॉर्निंग देतो की काही क्वेस्ट यापुढे फेल होतील, ती वाचून नुसतं ओके दाबू नका, मागे फिरा आणि राहिलेलं उरकून घ्या.