साडेचार इंची बँडसॉ: कापणी उत्तम, व्हाइस अर्धवट

मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटवरच्या टूल्सच्या दुकानांत साडेचार इंची हॉरिझॉन्टल बँडसॉ, म्हणजे धातूचे बार कापणारी आडवी पट्टा-करवत, वेगवेगळ्या रंगांत आणि नावांनी मिळतो, पण घडण बहुतेक एकच. गोल बार ११५ मिमीपर्यंत, ब्लेड अर्धा इंच रुंद आणि १६३८ मिमी लांब, पट्टा बदलून मिनिटाला साधारण २०, ३० आणि ५० मीटर असे तीन वेग. स्टेनलेसला सर्वांत कमी, एमएसला (साध्या पोलादाला) मधला, ॲल्युमिनियम-पितळेला वरचा. चांगलं ब्लेड लावलं आणि गाइड बेअरिंग नीट बसवले तर कापणीबद्दल तक्रारीला जागा नाही.

पण मुंबईतल्या दहा-बाय-पंधराच्या गाळ्यात सहा मीटरचा बार आत येतच नाही. माल येतो तो तुकड्यांत, किलोवर. त्यामुळे इथे या मशीनची परीक्षा लांब बारवर होत नाही, दोन इंची तुकड्यावर होते. आणि त्या परीक्षेत त्याचा व्हाइस, म्हणजे माल पकडणारा शिकंजा, नापास होतो.

कारण रचनेतच आहे. तिरप्या कटाची सोय व्हावी म्हणून सरकता जबडा एकाच बोल्टवर फिरता ठेवलेला आहे. लांब बार जबड्याच्या पूर्ण लांबीत बसतो, तेव्हा काही बिघडत नाही. आखूड तुकडा मात्र ब्लेडकडच्या टोकालाच धरावा लागतो. स्क्रू आवळला की जबड्याचं दुसरं, रिकामं टोक आत झुकतं आणि तुकड्यावर फक्त एक कड टेकते. हाताला घट्ट लागतं, डोळ्यालाही ठीक दिसतं. ब्लेड अर्ध्यावर गेलं की तुकडा किंचित वळतो, काप चिमटला जातो, ब्लेड चाकावरून उतरतं किंवा ओळीने दात जातात. मधला बोल्ट कचकचून आवळून भागत नाही. जोर आला की जबडा फिरतोच.

पहिला उपाय फुकटातला: त्याच बारचा दुसरा तुकडा जबड्याच्या रिकाम्या टोकाला पॅकिंग म्हणून लावा. माप तंतोतंत हवं. पॅकिंग पाव मिलिमीटरने जाड असलं तरी जबडा तिरका टेकतो आणि जॉब (कापायचा तुकडा) पुन्हा एकाच कडेवर धरला जातो. म्हणून जॉबच्या बाजूला जाड पुठ्ठ्याचा एक पदर घाला, म्हणजे फरक भरून निघतो.

रोज आखूड कापायचं असेल तर जबड्यातच जॅक-स्क्रू, म्हणजे रिकाम्या टोकाला टेकू देणारा बोल्ट, बसवून घ्या. सरकता जबडा काढा. ब्लेडपासून लांबच्या टोकाला, कडेपासून १५ मिमी तरी आत आणि उंचीच्या मध्यावर, १०.२ मिमीचं आरपार भोक पाडून एम-१२ टॅप मारा (आटे पाडा). जबडा बिडाचा आहे; टॅप कोरडाच चालवा, तेल घातलं की बिडाची पूड चिकटून लगदा होतो. भोक काटकोनात हवं, तेव्हा ड्रिल मशीनवरच पाडा, हातड्रिलने नको. फुल थ्रेडचे दोन बोल्ट ठेवा, एक ५० आणि एक १०० मिमी, त्यांची टोकं कानशीने किंचित गोल करून. जबड्याच्या पाठीमागे चेक नट, म्हणजे बोल्ट जागीच अडवणारा नट. हे सगळं सामान नागदेवीच्याच नट-बोल्टवाल्यांकडे मिळतं.

वापरण्याचा क्रम महत्त्वाचा. तुकडा ब्लेडच्या जितका जवळ आणता येईल तितका आणा, व्हाइस हलका टेकवा, मग बोल्ट समोरच्या स्थिर जबड्याला लागेपर्यंत बोटांनी फिरवा, चेक नट लावा आणि शेवटी व्हाइस आवळा. नंतर तुकड्यावर पितळी हातोडीने एक टिचकी मारून बघा. हलला तर बोल्ट अर्धा फेरा मागे-पुढे करून पुन्हा आवळा. बोल्टमुळे सगळ्या अडचणी जात नाहीत, हेही खरं. आखूड गोल बार सपाट जबड्यांत रेषेवरच धरला जातो, त्याला एका बाजूने व्ही-ब्लॉक (व्ही आकाराच्या खाचेचा ठोकळा) हवाच. आणि जबडा ब्लेडपर्यंत पोचत नाही. त्या मधल्या फटीहून तुकडा लहान असेल तर दोन्ही जबड्यांवर १० मिमी फ्लॅटच्या पट्ट्या एलन बोल्टने लावून त्या ब्लेडजवळ न्याव्या लागतात. एमएसचा तुकडा असेल तर भंगार बारला वेल्डिंगचा टाका मारून लांब करणं अधिक सोपं. टूल स्टीलला टाका नको, त्या जागी ते कडक होऊन तडकतं. आणि कितीही घाई असो, तुकडा हाताने धरून ब्लेडखाली देऊ नका.

दातांचा हिशेब पकडीइतकाच मोलाचा: कापाच्या जाडीत एका वेळी किमान तीन दात हवेत. ६ मिमीला इंचाला १४ दात चालतात. ३ मिमीच्या भिंतीला २४ दातांचं ब्लेड लागतं, तेही जेमतेम पुरतं. शेवटच्या दोन मिलिमीटरला स्प्रिंगचा ताण वाढवून आर्मचा दाब कमी करा, नाहीतर सुटणारा तुकडा तिरका होऊन ब्लेड आणि टेबलाच्या खाचेत अडकतो.

पावसाळ्यात जबडे आणि स्क्रू तेलाने पुसून ठेवा. इथल्या दमट हवेत बिडावर गंज लगेच चढतो.

मशीन घ्या, त्याच्या वर्गात ते चांगलंच आहे. पैसे देण्याआधी दुकानातच इंचभर चौरस तुकडा ब्लेडकडच्या टोकाला लावून व्हाइस आवळायला सांगा, आणि स्थिर जबड्याला गुण्या लावून ब्लेडशी काटकोन बघा. जबडा झुकणारच, ते दुरुस्त होतं. स्थिर जबड्याचे बोल्ट आवळल्यावरही काटकोन हलत असेल, तर ते मशीन सोडा आणि शेजारचं उघडायला सांगा.