छाती दगडासारखी झालीये: गरम शेक की थंड?

बाळंतपणानंतर साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी स्तन ताठरतात. घरातल्या आजीबाई लगेच गरम शेक सुचवतात. पाजण्याआधी दोन-तीन मिनिटं कोमट ओलं फडकं ठेवलं तर पान्हा सुटायला मदत होते, हे खरं. पण ही सूज नुसत्या दुधाची नसते, रक्तपुरवठाही वाढलेला असतो. जास्त वेळ शेकलं तर ती वाढू शकते.

म्हणून माझा कौल थंडाला. पाजून झाल्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेवा. फ्रिजमधली कोबीची पानंही चालतात (वास सोसायची तयारी हवी!). बाळाला स्तन धरता येत नसेल तर आधी हाताने थोडंसंच दूध काढा. ताप किंवा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरांकडे जा, पाजणं मात्र थांबवू नका.