परसात बांधलेली विक्रमी बोट: 'स्पिरिट ऑफ ऑस्ट्रेलिया'

सिडनीच्या डार्लिंग हार्बरमधल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल मॅरिटाइम म्युझियममध्ये ही बोट छताला टांगलेली आहे, आणि तेच या मांडणीचं मोठेपण. हायड्रोप्लेन, म्हणजे वेगात पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत जाणारी बोट, वाचायची ती खालून. पुढच्या बाजूला दोन तरंडे (तरंगणारे भाग), मागे निमुळता तळ. पूर्ण वेगात एवढेच तीन बिंदू पाण्याला टेकतात. घर्षण घटतं, पण नाक जरा उचललं की खाली शिरलेली हवा बोट उलटवते. 1967 मध्ये इंग्लंडमधल्या कॉनिस्टन तलावावर ब्रिटिश वेगविक्रमवीर डोनाल्ड कॅम्पबेलची 'ब्लूबर्ड' अशीच उलटली. म्हणून इथे शेपटीचं आडवं पंख नीट न्याहाळा. नाक दाबून ठेवायला ते असतं.

'स्पिरिट ऑफ ऑस्ट्रेलिया' ऑस्ट्रेलियाच्या केन वॉर्बीने घराच्या परसात लाकूड, प्लायवूड आणि फायबरग्लासने बांधली. वेस्टिंगहाउस जे-34 हे जेट इंजिन हवाई दलाच्या भंगारातलं. 8 ऑक्टोबर 1978 रोजी ऑस्ट्रेलियातल्याच ब्लोअरिंग धरणाच्या जलाशयावर वॉर्बीने गाठलेला वेग: ताशी 511.09 किलोमीटर! हा आकडा एका फेरीचा नव्हे, तासाभरात उलटसुलट मारलेल्या दोन फेऱ्यांची सरासरी. लाकडी बोटीने केलेला पाण्यावरच्या वेगाचा हा जागतिक विक्रम आजही अबाधित आहे. यंत्रांची आवड असेल तर सिडनीत हे चुकवूच नका. पाच तारे.