क्षारपड रानात ज्वारी + चवळी एकत्र वैरण, दोन हंगामाचा अनुभव (5 पैकी 4 स्टार, एक स्टार का कापला ते खाली आहे)

आमचं रान शिरोळ तालुक्यात, नदीकाठचं काळं. वर्षानुवर्षं ऊस आणि पाटाचं पाणी, त्यामुळं खालच्या अंगाला क्षारपड झालंय, उन्हाळ्यात बघाल तर वरंब्याच्या डोक्यावर पांढरं पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं. घरी दोन म्हशी आणि एक गाय, वैरण विकत घेऊन परवडत नाही, म्हणून खालच्या 20 गुंठ्यात ऊस बंद करून वैरणच करायचं ठरवलं. तृणधान्य आणि कडधान्य मिसळून पेरा हा सल्ला सगळेच देतात पण क्षारपड रानात नेमकं काय पेरायचं ते कुणी धड सांगत नाही म्हणून हे सविस्तर लिहितेय.

पहिल्या उन्हाळ्यात आफ्रिकन टॉल मका आणि चवळी केली. मका चांगल्या रानात झकास वाण आहे, वाणाला मी नावं ठेवणार नाही, पण क्षार त्याला सोसत नाहीत. पानांची टोकं आणि कडा भाजल्यासारख्या झाल्या, कंबरेएवढी होऊन थांबली. नंतर वाचलं की मक्याला ईसी (मातीतल्या क्षारांचं माप) 1.8 च्या पुढं गेली की उत्पन्न उतरायला लागतं, ज्वारी मात्र 6.8 पर्यंत दम धरते, म्हणजे मी सुरुवातच चुकीच्या पिकानं केली होती. (हे आकडे भिजवलेल्या मातीच्या चिखलातनं काढलेल्या पाण्याचे असतात, आपल्याकडं माती परीक्षणात बऱ्याचदा माती जास्त पाण्यात ढवळून मोजतात आणि आकडा कमी येतो, त्यामुळं कागद बघून लगेच खूश होऊ नका, कसं मोजलंय ते विचारा.)

चवळी तर त्या उन्हाळ्यात निम्मीसुद्धा उगवली नाही. दुकानदाराला सांगितलं तर म्हणाला, वहिनी तुमचं रानच खराब आहे, त्याला बियाणं काय करणार. मला ते लागलं. घरी थोडं बी शिल्लक होतं, त्यातले 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले, रोज पाणी शिंपडलं, पाचव्या दिवशी उघडलं तर 41 मोड आलेले. स्वयंपाकघरात कुठला आला क्षार? प्रमाणित चवळीची उगवण कमीत कमी 75 टक्के असावी लागते. ते गोणपाट तसंच उचलून दुकानात नेलं, पैसे काही मिळाले नाहीत, पण तेव्हापासून बी पेरायच्या आधी गोणपाटात टाकल्याशिवाय मी रानात नेत नाही. क्षारपड रान असलं की सगळ्याचा दोष मातीवर ढकलायची लोकांना सवयच लागलीय.

पुढच्या पावसाळ्यात वाण बदलले, राहुरी विद्यापीठाची रुचिरा ज्वारी आणि श्वेता चवळी. दोन-तीन मोठे पाऊस होऊन वरचे क्षार जरा खाली धुऊन गेल्यावर वाफसा बघून पेरलं, ज्वारी 6 किलो, चवळी 3 किलो, दोन ओळी ज्वारी आणि एक ओळ चवळी, दोन ओळींमध्ये एक फूट अंतर. वरंब्याच्या डोक्यावर बी टाकू नका, पाणी उडून जाताना क्षार तिथंच गोळा होतात, आम्ही बगलेला निम्म्यावर टोकलं. चवळीच्या बियाला रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र धरणारे जिवाणू) चोळलं, पाकिटावरची तारीख बघूनच घेतलं.

ज्वारी डोक्याच्या वर गेली. चवळीनं मधली जमीन झाकून टाकली, त्यामुळं ऊन थेट मातीवर पडत नाही, वरची ओल टिकते आणि पांढरं पीठ वर यायचं प्रमाण कमी झालेलं डोळ्याला दिसत होतं.

आता कापलेला स्टार. दीड महिन्याची असताना वरच्या अंगाची एक चवळी आणि खालच्या कोपऱ्यातली एक अशा दोन उपटल्या आणि बादलीत मुळं धुतली. वरच्या झाडाला ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी, नखानं फोडली की आत लालसर गुलाबी, म्हणजे नत्राचं काम चालू. कोपऱ्यातल्या झाडाला चारच गाठी, मोहरीएवढ्या, आत पांढऱ्याफटक. झाड हिरवं दिसत होतं पण जमिनीला देत काहीच नव्हतं. तेव्हा जिथं क्षार जास्त तिथं चवळीच्या भरवशावर युरिया कमी करू नका, तिथं मी आता धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) टाकते, तो क्षार आणि पाणी दोन्ही सोसतो.

कापणीला त्रास आहे हे आधीच सांगते. चवळी ज्वारीवर चढते, विळा अडकतो, एका बाईचं काम दोघींना लागतं. आणि चवळी आधी तयार होते, ज्वारीला वेळ लागतो, पण घाई करून कोवळी ज्वारी घालू नका, कोवळ्यात सायनाइडचं विष असतं, जनावर दगावतं. आम्ही निम्म्या ज्वारीला फुलोरा आल्यावरच कापली, तोवर चवळीला थोड्या शेंगा धरल्या होत्या, चालतं. दोन्ही मिळून कुट्टी केली. नुसती चवळी पोटभर घातली तर पोट फुगतं, नुसत्या ज्वारीत प्रथिनं कमी, एकत्र कुट्टीत दोन्ही प्रश्न मिटतात. म्हशींनी गव्हाणीत काडी ठेवली नाही, संध्याकाळची पेंड मी निम्मी केली तरी डेअरीत फॅट उतरली नाही, सासूबाई दोन दिवस माप स्वतः बघून आल्या तेव्हा त्यांना पटलं.

एक मात्र समजून घ्या, वैरण कापून नेली म्हणून रानातले क्षार जात नाहीत, ते जातात निचऱ्यानं. आणि जिप्समचा फायदा चोपण (सोडियम जास्त झालेल्या) रानात, सामू (pH) 8.5 च्या वर असेल तिथं, नुसत्या खारट रानात पोती ओतून पैसे जातात. आमच्या भागात बऱ्याच जणांनी जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून रानं परत उसाला आणलीत. आम्हालाही टाकायचेत, पण पाणी बाहेर काढायचा मार्ग शेजारच्या दोघांच्या बांधावरनं जातो, एक तयार झालेत, दुसऱ्यांशी दिवाळीनंतर बसायचं ठरलंय. तोवर वरच्या 10 गुंठ्यात ओट आणि लसूणघास, बी गोणपाटात टाकलंय.