‘स्टोरेज भरलं’ म्हणत येणाऱ्या क्लीनर ॲपपासून सावध राहा

या फसवणुकीची सुरुवात एका खऱ्या अडचणीतून होते. ६४ जीबीचा फोन, दोन-तीन वर्षं वापरलेला. कॅमेरा उघडला की ‘जागा शिल्लक नाही’, व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ डाउनलोड होत नाही, ॲप अपडेट होता होता मध्येच अडकतं. अशात एके दिवशी ब्राउझरमध्ये क्रिकेटचा स्कोअर बघताना सगळा स्क्रीन लाल होतो, फोन थरथरतो आणि पाटी येते: ‘तुमच्या फोनचं स्टोरेज ९८ टक्के भरलं आहे, १७ व्हायरस सापडले, २ मिनिटांत साफ करा.’ खाली सेकंद उलटे मोजले जात असतात. फोन भरलाय हे माणसाला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे पाटीतलं बाकीचंही त्याला खरं वाटतं.

ती पाटी फोनने दिलेली नसते, उघडलेल्या वेबपानाने दाखवलेली असते. कुठल्याही वेबपानाला फोनच्या आतल्या फायली मोजता येत नाहीत की व्हायरस शोधता येत नाहीत. फोन थरथरवणं मात्र जमतं आणि फोनचं मॉडेलही बऱ्याचदा कळतं. म्हणून पाटीवर तुमच्याच मॉडेलचं नाव असतं. अशा वेळी ‘ओके’ही दाबू नका आणि ‘कॅन्सल’ही नको. दोन्ही बटणं त्याच पानावरची, दोन्ही एकाच ठिकाणी नेऊ शकतात. टॅबची यादी उघडून तो टॅबच बंद करा. अशाच सूचना वरून नोटिफिकेशन म्हणून येत असतील, तर पूर्वी कधीतरी एखाद्या साइटवर ‘अलाऊ’ दाबलं गेलेलं असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स उघडा. परवानगी दिलेल्या साइट्सची यादी तिथेच दिसते. अनोळखी नाव दिसलं की ब्लॉक करा.

पुढचा टप्पा क्लीनर ॲपचा, म्हणजे त्या पाटीवरून घेतलेल्या, ‘फोन साफ करून देतो’ म्हणणाऱ्या ॲपचा. ते उघडल्यावर मधोमध एक गोल फिरतो, आकडा चढत जातो: ८०० एमबी, १.९ जीबी, २.८ जीबी ‘कचरा’. खाली मोठं हिरवं बटण, ‘आता साफ करा’. ते दाबलं की परवानग्यांची रांग लागते. सगळ्या फायली बघू द्या, इतर ॲप्सवर दिसू द्या, नोटिफिकेशन वाचू द्या आणि शेवटी ॲक्सेसिबिलिटी, म्हणजे स्क्रीन वाचायची आणि तुमच्या वतीने बटणं दाबायची परवानगी, सुरू करा. सगळं दिलं की गोल पुन्हा फिरतो, ‘२.८ जीबी मोकळे झाले’ असं येतं. त्यानंतर सेटिंग्जमधलं स्टोरेजचं पान उघडून बघा. बऱ्याचदा आकडा जवळजवळ तिथल्या तिथेच असतो.

असं का होतं, हे एकदा समजून घेतलं तर यापुढे तुम्हाला या बाबतीत फसवणं अवघड जाईल. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला स्वतःची बंद खोली असते आणि त्याच्या तात्पुरत्या फायली, म्हणजे कॅश, त्या खोलीत असतात. दुसऱ्या ॲप्सची कॅश परस्पर पुसायची परवानगी २०१५ सालच्या अँड्रॉइड ६ पासून फक्त सिस्टिमच्या ॲप्सना आहे. २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून तर इतर ॲप्सच्या ‘अँड्रॉइड/डेटा’ या फोल्डरमध्ये डोकावणंही बंद झालं. म्हणजे बाहेरून घेतलेल्या क्लीनरला ज्या कचऱ्याच्या नावाने बोलावलं, त्याला तो गुपचूप हातच लावू शकत नाही. मग त्याच्यापुढे तीन वाटा उरतात. नुसता आकडा फिरवून दाखवायचा. नाहीतर हाताला लागेल ते पुसायचं: डाउनलोडमधल्या जुन्या फायली, फोटोंची लघुचित्रं, कधी व्हॉट्सॲपचे फोटोसुद्धा. किंवा ॲक्सेसिबिलिटीच्या जोरावर तुमच्या वतीने सेटिंग्जमध्ये जाऊन एकेका ॲपचं ‘क्लिअर कॅश’ बटण दाबायचं. या तिसऱ्या वाटेने कॅश खरोखर जाते. पण ज्या परवानगीने ते बटण दाबता येतं, त्याच परवानगीने बँकेच्या ॲपमधला स्क्रीन वाचता येतो आणि तिथली बटणंही दाबता येतात.

ही भीती पोकळ नाही. २०२२ मध्ये ‘मिस्टर फोन क्लीनर’ नावाच्या ॲपमधून ‘शार्कबॉट’ हा बँक खाती लुटणारा ट्रोजन, म्हणजे साध्या ॲपच्या आड लपलेला घातक प्रोग्राम, पसरवला जात होता, आणि ते ॲप प्ले स्टोअरवर होतं. २०२३ मध्ये ‘फोन क्लीनर – फाइल एक्सप्लोरर’ या ॲपमधून ‘अनात्सा’ नावाचा तसाच ट्रोजन आला. बॅटरी खाणारी ॲप्स झोपवायला ॲक्सेसिबिलिटी लागते, असं कारण त्यात दिलं होतं. दोन्हींचा रोख परदेशी बँकांच्या ग्राहकांवर होता, पण डाव ध्यानात ठेवण्यासारखा आहे. स्टोअरवर चढवताना ॲप निरुपद्रवी ठेवायचं आणि चोरीचा भाग नंतर अपडेटच्या नावाखाली आणायचा. त्यामुळे ‘प्ले स्टोअरवरचंच तर आहे’ यावर विसंबू नका. भारत सरकारने २९ जून २०२० रोजी ५९ ॲप्सवर बंदी घातली, तेव्हा चर्चा सगळी टिकटॉकची झाली. त्याच यादीत क्लीन मास्टर, डीयू क्लीनर आणि व्हायरस क्लीनर ही नावंही होती.

व्हॉट्सॲपवर एपीके फाइल (स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल) पाठवून ‘हे टाका, फोन हलका होईल’ म्हणणारा त्याहून घातक. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून टाकलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी सहज मिळत नाही, फोन ती अडवून धरतो. म्हणून समोरचा माणूस कॉलवर राहून ‘वरच्या तीन ठिपक्यांवर जा, अलाऊ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज दाबा’ असं एकेक पायरी सांगतो. हे शब्द कानावर पडले की फोन ठेवून द्या.

आता पैशांची बाजू. चोरी न करणारी क्लीनर ॲप्सही खिशाला हात घालतात. ‘३ दिवस मोफत’ म्हणतात आणि खाली बारीक अक्षरांत आठवड्याचं शुल्क असतं. महिन्याचं समजून माणूस हो म्हणतो आणि महिन्यातून चार वेळा पैसे कापले जातात. वैतागून ॲप काढून टाकलं, की सुटलो असं वाटतं. तसं होत नाही. ॲप काढल्याने सबस्क्रिप्शन बंद होत नाही. प्ले स्टोअरमध्ये आपल्या प्रोफाइलच्या चित्रावर टॅप करून पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्समध्ये जा आणि तिथून ते रद्द करा. आयफोनवर सेटिंग्ज उघडून वरच्या आपल्या नावावर टॅप केलं की सबस्क्रिप्शन्स सापडतात. पैसे यूपीआय ऑटोपेने, म्हणजे एकदा मंजुरी दिली की आपोआप, जात असतील तर ज्या यूपीआय ॲपमधून मंजुरी दिली, तिथल्या ऑटोपेच्या यादीतून ते मँडेट, म्हणजे दिलेली मंजुरी, रद्द करा. ऑटोपेमध्ये पिन फक्त पहिल्यांदा, मंजुरी देताना लागतो. त्यानंतर साधारणपणे १५,००० रुपयांपर्यंतचा हप्ता पिनशिवाय कापला जाऊ शकतो. कापण्याच्या २४ तास आधी सूचना येणं बंधनकारक आहे. पण जाहिरातींच्या मेसेजच्या ढिगात ती दिसतच नाही. त्यात ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ हे शब्द शोधून बघा.

आयफोनवाल्यांनी तर क्लीनरच्या नादी लागूच नये. तिथे एका ॲपला दुसऱ्याच्या फायलींपर्यंत पोहोचताच येत नाही. ही ॲप्स फार तर एकसारखे फोटो शोधून देतात आणि ते काम आयओएस १६ पासून फोटोज ॲपमधला ‘डुप्लिकेट्स’ अल्बम फुकट करतो.

दुकानातही जपून. नुसत्या भरलेल्या फोनला ‘सॉफ्टवेअर मारावं लागेल’ असं कुणी म्हटलं तर हो म्हणू नका. सॉफ्टवेअर मारलं किंवा फॅक्टरी रिसेट केलं की जागा मोकळी होते, पण बॅकअप नसलेले फोटो, नंबर, चॅट सगळं जातं. भरलेल्या फोनला त्याची गरज नसते.

जागा कशाने भरली ते आधी बघा. सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग एकेका ॲपचं स्टोरेजचं पान. तिथे दोन बटणं असतात आणि सगळी ग्यानबाची मेख त्या दोन बटणांत आहे. ‘क्लिअर कॅश’, म्हणजे मराठी मेनूतलं ‘कॅशे साफ करा’, हे निर्धोक. क्रोम, इन्स्टाग्राम, फेसबुक अशा ॲप्सची कॅश शेकडो एमबीत जाते, ती काढून टाका. वापर सुरू झाला की ती पुन्हा साठेल. ॲप पटकन उघडावं म्हणूनच ती असते, त्यात बिघाड काही नाही. रोज काढत बसू नका. जागा कमी पडली की सिस्टिम स्वतःच जास्त कॅश साठवलेल्या ॲपपासून सुरुवात करून ती पुसते.

शेजारचं ‘क्लिअर डेटा’ किंवा ‘क्लिअर स्टोरेज’ मात्र ॲपची खोलीच रिकामी करतं. व्हॉट्सॲपवर ते दाबलं तर लॉगआउट होतं आणि बॅकअपमध्ये नसलेलं चॅट परत मिळत नाही. लॉगिनचे कोड देणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपवर दाबलं आणि सिंक (कोडची ऑनलाइन प्रत ठेवणं) सुरू नसेल, तर सगळे कोड जातात, मग मेल आणि इतर खाती उघडताना हाल होतात. यूपीआय ॲपवर दाबलं तर पैसे कुठेही जात नाहीत, कारण ते बँकेत आहेत. फक्त सिमवरून एसएमएस पाठवून नव्याने नोंदणी करावी लागते.

व्हॉट्सॲपची कॅश तशी किरकोळ असते, तिथे खरी जागा खातात ते फोटो-व्हिडिओ. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा, त्यात मॅनेज स्टोरेज. ५ एमबीहून मोठ्या फायली आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फायली तिथे वेगळ्या काढून ठेवलेल्या सापडतात. सुप्रभातचे व्हिडिओ, लग्नाच्या पत्रिका, त्याच त्या भजनाच्या क्लिप्स. कित्येक फोनवर इथूनच सगळ्यात जास्त जागा निघते. टेलिग्रामचं उलट आहे. त्याचा माल सर्व्हरवर राहतो, त्यामुळे त्याच्याच स्टोरेज युसेजमधून कॅश काढली तर हवी ती फाइल पुन्हा उतरवता येते.

फोटो पुसूनही जागा वाढली नाही, ही तक्रार हमखास असते. पुसलेले फोटो आधी ट्रॅशमध्ये जातात. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले ६० दिवस, न झालेले ३० दिवस तिथे पडून राहतात. ट्रॅश रिकामा केला की जागा सुटते. एक मोठी चूक इथे होते. बॅकअप आहे म्हणून गुगल फोटोजमध्येच फोटो नेहमीच्या पद्धतीने डिलीट केले, तर ते फोनमधून आणि क्लाउडमधून दोन्हीकडून जातात. फक्त फोनमधून काढायचे असतील तर ‘फ्री अप स्पेस’ वापरा.

एवढं करूनही मदतीला ॲप हवंच असेल, तर फोनमध्ये आलेलं फाइल मॅनेजर किंवा ‘फाइल्स बाय गुगल’ पुरेसं आहे. ॲक्सेसिबिलिटी मागणारं काहीही नको.

आणि कुणी आधीच अडकलं असेल तर क्रम चुकवू नका. पहिल्यांदा इंटरनेट बंद. मग सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिन (फोनवर ताबा देणारी परवानगी) या दोन्ही ठिकाणी त्या ॲपचा अधिकार काढा, शेवटी सांगितलेले स्क्रीनशॉट काढून घ्या, नंतर ॲप अनइन्स्टॉल करा. काही ॲप्स आपलं चिन्ह लपवतात किंवा ‘सेटिंग्ज’ असं नाव घेऊन बसतात, म्हणून ॲप्सची पूर्ण यादी वरपासून खालपर्यंत बघा. निघत नसेल तर फोन सेफ मोडमध्ये, म्हणजे बाहेरून टाकलेली ॲप्स बंद ठेवून, सुरू करा आणि मग काढा. बँकेचे पासवर्ड आणि यूपीआय पिन दुसऱ्या फोनवरून बदला. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला लेखी कळवून पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक ग्राहकाचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, तर ३ कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार येत नाही. ओटीपी किंवा पिन स्वतः दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाजेपोटी एक तासही थांबू नका. प्ले स्टोअरवरून नुसतं शुल्क कापलं गेलं असेल, तर ४८ तासांच्या आत तिथेच परताव्याची विनंती करा. ॲप काढण्याआधी त्याचं नाव, बनवणाऱ्याचं नाव, कापलेली रक्कम आणि व्यवहार क्रमांक यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. तक्रार नोंदवताना तेच विचारतात.