मिठाच्या खोलीत जाऊन आलो, त्याबद्दल

सांगलीत मिठाची खोली, म्हणजे छातीच्या दुखण्यासाठी मिठाची हवा ओढत बसायची खोली, निघाल्यापासून मार्केट यार्डातले जुने सोबती फोन करतात, "दिवाणजी, तुम्ही जाऊन आला म्हणं, फरक पडला का?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून टाकतो.

माझं दुखणं आधी सांगतो, कारण सगळ्यांची छाती सारखी नसते. तरुणपणी टीबी झाला. औषधाचा कोर्स पुरा केला, टीबी गेला, पण उजव्या फुप्फुसाच्या तळातल्या श्वासनळ्या कायमच्या पसरट झाल्या. डॉक्टर याला ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात. त्या नळ्यांत बेडका साचतो, साचला की कुजतो, मग ताप आणि अँटिबायोटिक. त्यात उमेदीची सगळी वर्षं हळदीच्या पेठेत गेली. पॉलिशच्या ढोलाजवळ उभं राहिलेल्या माणसाला ती धूळ काय असते ते सांगावं लागत नाही. आता थंडीत उसाचं पाचट पेटलं की रात्री उशीला टेकूनच बसायचं. अशा माणसाला "औषध नाही, सुई नाही, नुसतं मीठ" असं कुणी म्हटलं की आशा लागते. मलाही लागली.

खोली स्वच्छ आहे, हे आधी कबूल करतो. जमिनीवर जाड मिठाचा थर, भिंतीला गुलाबी सैंधवाच्या विटा, मागे दिवे, आरामखुर्च्या. चपला बाहेर, पायात कापडी मोजे. पाऊण तास बसायचं. एका वेळेचे सातशे रुपये, दहा वेळांचं पॅकेज घेतलं तर थोडे कमी. हळू आवाजात बासरी लावतात, ती मला आवडली.

आता कामाचं. भिंतीच्या विटांचा छातीशी काही संबंध नाही. मीठ आपण होऊन हवेत उडत नाही. काम करतं ते कोपऱ्यातलं यंत्र, हॅलोजनरेटर. ते कोरडं मीठ अगदी बारीक दळतं आणि पंख्याने खोलीत सोडतं. कण पाच मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असेल तरच खोल नळ्यांपर्यंत जातो, मोठा कण नाकाघशातच अडकतो. म्हणून पैसे देण्याआधी यंत्र आहे का, चालू आहे का, ते विचारा. इथे होतं. थोड्या वेळाने ओठ खारट लागले, नाक मोकळं झालं. त्या संध्याकाळी बेडका जरा सैल सुटला आणि झोप चांगली लागली. पुढच्या खेपांनाही साधारण असंच. सकाळचा खोकला मात्र होता तेवढाच राहिला.

भिंतीवर पोलंडमधल्या व्येलिच्का गावच्या मिठाच्या खाणीचं मोठं चित्र आहे. ती गोष्ट खरी आहे. तिथल्या खाणकामगारांना छातीचे विकार कमी होतात असं फेलिक्स बोचकोव्स्की या डॉक्टरांनी पाहिलं आणि १८४३ साली त्यावर पुस्तक लिहिलं. आजही त्या खाणीत १३५ मीटर खोल आरोग्यकेंद्र चालतं. पण मी सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीतली कोठारं, जवळून पाहिली आहेत. जमिनीखालची हवा वरच्यासारखी नसते, हे मला कुणी शिकवायला नको. पेव उघडल्याबरोबर त्यात कुणी उतरत नसे, वाईट हवा निघून जाऊ देत. खाणीचंही तसंच वेगळेपण आहे: तिथे बाराही महिने एकसारखा गारवा, फुलांचे पराग नाहीत, रस्त्याचा धूर नाही. त्यातला गुण मिठाचा किती आणि त्या हवेचा किती, हे सांगलीतल्या एसी खोलीवरून कसं ठरवणार?

मिरजेच्या माझ्या छातीच्या डॉक्टरांना विचारलं. ते चिडले नाहीत, नीट बसवून समजावलं. सीओपीडीवरच्या (श्वासनळ्या हळूहळू अरुंद होत जाणारा जुनाट विकार) मीठ-उपचाराच्या अभ्यासांची छाननी २०१४ साली प्रसिद्ध झाली, आणि शिफारस करावी इतका पुरावा त्यात सापडला नाही. मग त्यांनी मिठाचाच दुसरा प्रकार सांगितला. सलाईनमध्ये मीठ ०.९ टक्के असतं. त्याऐवजी ३ किंवा ७ टक्क्यांचं निर्जंतुक खारं पाणी नेब्युलायझरमधून, म्हणजे औषधाचा बारीक फवारा करणाऱ्या मशिनमधून, ओढायचं. समुद्राचं पाणी साडेतीन टक्के, यावरून ७ म्हणजे काय ते कळेल. ते नळ्यांच्या आत पाणी खेचून आणतं आणि चिकट बेडका पातळ होतो. सिस्टिक फायब्रोसिसच्या (बेडका फार चिकट होणारा जन्मजात आजार) रोग्यांत त्याचा उपयोग २००६ च्या मोठ्या चाचणीत दिसला. माझ्या दुखण्यात सगळ्यांना सारखा गुण येत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. खाऱ्या पाण्याने काहींच्या नळ्या आवळतात, म्हणून आधी नळ्या मोकळ्या करणारा पंप (इनहेलर), मग पहिला डोस त्यांच्यासमोर, आणि आधी-नंतर फुंकायची टेस्ट. घरी मीठ कालवून मशिनमध्ये घालायचं नाही, हे दोनदा बजावलं.

मी आता तेच घेतो. त्यानंतर कूस बदलून झोपायचं, लांब श्वास, तोंड उघडं ठेवून जोरात "हा" करत बेडका वर आणायचा. कंटाळवाणं काम आहे, पण सकाळीच छाती रिकामी होते आणि दुपारपर्यंत ढास लागत नाही. खोलीतून आल्यावर असं कधी झालं नाही.

एका गोष्टीचा मात्र मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीवर तासगावकडचे एक शेतकरी होते, दम्याचे. "पंप बंद केलाय, इथले म्हणाले दहा वेळात सुटेल." बोलताना त्यांची छाती वाजत होती. बाहेर येऊन मी काउंटरवरच्या पोरीला सगळ्यांसमोर विचारलं, हे कुणी सांगितलं? ती म्हणाली, सवय कमी होते असं आम्ही म्हणतो. दम्याचा पंप ही सवय नाही, बाळा. तो बंद केल्यावर एखाद्या रात्री अटॅक आला तर मिरजेपर्यंत पोचायला वेळ मिळेलच असं नाही. मालकांनी तिथे पाटी लावावी: डॉक्टरांचं औषध बंद करू नका. मी तसं लेखी दिलंय. पाटी लागली तर इथेच कळवीन.

दुसरं, बंद खोलीत चारपाच खोकणारी माणसं एकत्र बसवतात आणि हवा बाहेर काढायचा पंखा दोन गटांच्या मध्ये फार थोडा वेळ चालतो. टीबी अजून आपल्यात आहे. आत घेण्याआधी खोकला किती दिवसांचा, ताप आहे का, एवढं तरी विचारायला हवं. मला कुणी विचारलं नाही.

निवांत बसायला जागा हवी, खिशाला परवडतं, नेहमीचं औषध चालू आहे आणि डॉक्टर हो म्हणाले, तर जा. सकाळची पहिली वेळ घ्या, तेव्हा हवा ताजी असते. दुसरा मजला आहे, लिफ्ट अरुंद आहे, पण चालते. पंप खिशात ठेवा. छाती आवळली तर पाऊण तास पुरा व्हायची वाट न बघता उठून बाहेर या. ताप असेल, थुंकीत रक्त दिसत असेल किंवा टीबीचं औषध चालू असेल, तर जाऊच नका.